दहापैकी सहा

४ जानेवारी

चि. ढगोबास,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, त्याला कारण आमचा बॉयलर. वृद्धाश्रमाची मेट्रन झाले तेव्हा वाटलं होतं, म्हातारी माणसं सांभाळायची. इथे त्यांच्याहून म्हातारा बॉयलरच सांभाळावा लागतो. मिस्त्री म्हणतो, आतल्या नळ्या बदलायलाच हव्यात, आणि त्यासाठी आठ दिवस तो पूर्ण बंद ठेवावा लागेल. म्हणजे ऐन हिवाळ्यात बेचाळीस जणांना आठ दिवस गरम खोल्या नाहीत. तारीख विश्वस्तांनी माझ्यावर सोपवली आहे. महिनाअखेरीस एखादा उबदार आठवडा मिळेल का? घरातच हवामानखातं असताना बाहेर कोणाला विचारू?

तुझे भावजी म्हणतात, गेल्या वर्षीसारखी त्याने थंडी सांगितली की आपण खुशाल स्वेटर काढून ठेवायचे. त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावजींना सांग, स्वेटर खरंच काढून ठेवा. वीस ते अठ्ठावीस हवा उबदारच राहील. माझ्या शब्दावर बिनधास्त बॉयलर उघडा.

आमच्याकडे एक नवी मुलगी लागली आहे. हुशार आहे, पण रोज सकाळी विषुववृत्तावरचे ढग घेऊन माझ्या टेबलाशी हजर. तिला म्हटलं, आधी आपल्या डोक्यावरचं आभाळ बघायला शीक.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा ढगोबा

३० जानेवारी

चि. ढगोबास,
अ. उ. आ.

दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहिते. बावीस तारखेला थंडी कोसळली. बॉयलर सुटा होऊन तळघरात पसरलेला, मिस्त्री डोक्याला हात लावून बसलेला. बेचाळीसही जणांना जेवणाच्या हॉलमध्ये एकत्र आणलं, शेजारपाजारचे मिळाले तेवढे हीटर लावले. थंडी ओसरेपर्यंत तीन दिवस तसे काढले. बाकीचे निभावले. शिवणवाल्या आजींना मात्र न्यूमोनिया झाला. चाळीस वर्षं लोकांचे गरम कोट शिवलेली बाई, आज इस्पितळात ऑक्सिजनवर आहे.

तारीख कोणी ठरवली, असं विश्वस्तांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. तुझं नाव काढलं नाही. दोन आठवडे आधी कोणाला काय दिसतं? तुझा काय दोष? जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी काळजी करणारी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘तुझा काय दोष’पाशी अडलो. ताई, मला दिसलं होतं.

विषुववृत्ताजवळच्या समुद्रांवर पावसाळी ढगांचा एक प्रचंड जथा फिरतो. पूर्वेकडे सरकत तो महिना-दीड महिन्यात पृथ्वीला वळसा घालतो. वरची हवा ढवळतो आणि त्याचे हेलकावे आपल्या इथपर्यंत येतात. तो एका ठरावीक टप्प्यावर पोचला की आपल्यावरून जाणारे उंचावरचे वारे वाकतात, आणि दोनेक आठवड्यांनी उत्तरेची थंडी खाली उतरते. नेहमी नाही, पण पुष्कळदा. इतक्या आधी आम्ही जे काही सांगू शकतो, त्यातलं बरंचसं त्याच्याच भरवशावर.

सहा तारखेला त्या मुलीने नकाशा समोर ठेवला. जथा नेमका त्या टप्प्यावर. थंडीची शक्यता तिने काढली दहापैकी सहा. मी गणित तपासलं, बरोबर होतं. तरी ते बुलेटिनात जाऊ दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुला बिनधास्त असं लिहिलं.

गेल्या वर्षी हाच जथा बघून मी थंडी सांगितली होती. शाळा बंद ठेवल्या आणि लख्ख ऊन पडलं. लांडगा आला रे म्हणत गाव हसलं, भावजी हसले. पुन्हा हसं नको, म्हणून ते दहापैकी सहा मी गिळले. तुझ्यापासूनसुद्धा लपवले. फोन उचलला नाही तो कामामुळे नाही. तुझा आवाज ऐकायचं धाडस होत नव्हतं.

काय लिहून संपवू, कळत नाही.
ढगोबा

८ फेब्रुवारी

चि. ढगोबास,
आशीर्वाद.

चार दिवस कागद हातात घेतला नाही. रागात लिहिलं गेलं असतं. राग अजून आहे. दहापैकी सहा म्हणाला असतास, तर मी काम मार्चवर ढकललं असतं. ते ठरवणं माझं होतं, तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस.

एक मात्र कबूल करते. गेल्या वर्षी तुझ्या भावजींबरोबर मीही हसले होते. तू भरल्या ताटावरून उठलास, ते मी पाहिलं आणि तुझ्या मागे आले नाही. त्याची लाज मला आजही वाटते. पण माझी लाज मी बघेन, तुझी माझ्याने पुसली जायची नाही.

विश्वस्तांना खरं कळवलं आहे. आजी परवा परत आल्या. त्यांना हे मी सांगणार नाही. तू ये.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी मला हॉलच्या दारात सोडून तू मुद्दाम निघून गेलीस, म्हणून पुढचं लिहितो.

आजी खिडकीशी बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी. मी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या की कानातलं यंत्र खोलीत राहिलंय, एक अक्षर ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा जरा मोठ्याने सांग.

पहिल्यांदा सांगताना मी ‘नजरेतून निसटलं’, ‘अंदाज चुकला’ असे शब्द घातले होते. ते ओरडून म्हणता येईनात. मला माहीत होतं आणि मी लपवलं, एवढंच उरलं. पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. त्यातल्या एका मास्तरांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

आजींनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाल्या की त्या तीन दिवसांत त्यांना वाटलं होतं, आपण यातून उठत नाही. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसात हे सगळं लेखी दिलं. मग त्या मुलीच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि तेच वाक्य तिला सांगितलं. तिचे कान चांगले आहेत, तरी आवाज मोठाच लागला.

लोभ कमी झाला असेल, ते रास्तच आहे. उरला असेल तेवढा असू दे.
तुझा धाकटा भाऊ