काकडं की काकडी

डहाणू, शनिवार, जून २०१७

काकडं! एवढा साधा शब्द, पण आमच्या मुख्याध्यापकांच्या कानाला तोही अशुद्ध.

आज शाळेत 'ताजं खा, गावचं खा'चा तास होता. सातवीतली सेवंती सायवनच्या रानातली शेवळं घेऊन आली होती. या रानभाजीत काकडं नावाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो. पोरीने तेवढंच सांगितलं, "सर, यात काकडं घालायची."

"काकडं नव्हे, काकडी. शुद्ध बोलावं!" असं म्हणून सरांनी बाजारातून काकडी मागवली. मी तोंड उघडलं तर म्हणे, "बाई, तुम्ही मध्ये पडू नका." बरं. शिजवा काकडी!

मुलांनी भाजीला हातही लावला नाही. पोरं शहाणी. सरांनी मात्र फोटोसाठी मोठा घास घेतला आणि भाषणाला उभे राहिले ते खाकरतच. 'पौष्टिक'मधला 'पौ'सुद्धा बाहेर पडेना. आणि हा माणूस आम्हाला शुद्ध बोलायला शिकवणार!

शेवटी सेवंतीच चिंच घेऊन पुढे झाली. "सर, ही चघळा, खाज जाईल." मग जरा घाबरत तिने विचारलं, "हिला चिंचच म्हणायचं ना, सर?"