जमादाराची गाठ आणि लिंबाचं लोणचं

धानोरा, जि. चांदा
ता. ११ मार्च १९५७

चि. भैयाजी जावईबापू यांस धानोऱ्याहून सासऱ्याचे आशीर्वाद. नागपुरात आपली प्रकृती उत्तम असेल, चि. सौ. भागीरथाचीही असेल (तिची उत्तम आहेच, ते पुढे येईल). इकडे सर्व खुशाल, फक्त आमच्या जमादाराचं काय ते ठरायचं आहे. जमादार म्हणजे आपला कुत्रा, जंगलखात्यातला नव्हे. मागच्या वेळी त्या जमादाराने पोस्टात माझं कार्ड वाचून अबोला धरला, म्हणून खुलासा केला.

तुम्ही लिहिलंत, पोटाखालची गाठ काढून स्पिरिटमध्ये पाठवा, दुर्बिणीखाली धरून कर्करोग आहे की नाही ते सांगतो. जंगू कंपाउंडरने गाठ कापली. (जमादार गुंगीत होता. मी शुद्धीवर होतो, निम्मा वेळ.) पण अख्ख्या धानोऱ्यात स्पिरिट नाही. जंगू म्हणाला, मोहाची पहिल्या धारेची दारू चालेल, काडी लावली की पेटते. ती आणताना नेमके हेडमास्तर भेटले. कुत्र्यासाठी आहे म्हटलं, तर म्हणाले, सगळे असंच म्हणतात. बरणी भागीरथाच्या आईने दिली, पण आधी तीस वर्षांच्या संसाराची उणीदुणी काढली. मग गाठ मोहात बुडवून, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती फळीवर ठेवली, भागीरथासाठी भरलेल्या लोणच्याच्या बरणीशेजारी. सकाळी घाईघाईत एक बरणी उचलली आणि लच्छू कंडक्टरच्या हवाली केली, मांडीवर धरून ने म्हणून बजावलं.

आठ दिवसांनी तुमचं पत्र: गाठ साधी आहे, काळजी नको. काय सांगू, या वयात मी ओसरीवर नाचलो! जमादाराला दूधभात घातला, आळीत गूळ वाटला. दुसऱ्याच दिवशी भागीरथाचं पत्र आलं: "बाबा, लोणचं पोचलं. मस्त मुरलं हाये. अर्धी बरणी संपली बी. यायले बी आवडलं." (हे म्हणजे आपणच.)

फळीवरची बरणी उघडली. मोहाच्या वासाने डोकं गरगरलं, आणि गाठ आत शांत बसलेली. तेव्हा जावईबापू, लिंबाला कर्करोग नसतो हे आपलं निदान शंभर टक्के बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. भागीरथाची आई म्हणते, "काऊन चिडता? तुमच्या जिवाले लागू नाई म्हणून लिवलं त्यानं." पटलं. पण मला फार भीती वाटते हो. काल जमादाराच्या जुन्या जखमेशेजारी आणखी एक गाठ हाताला लागली. वाईट असेल तर वाईट सांगा, पण बघून सांगा.

इथेच थांबतो. जमादार पायावर झोपला आहे आणि पायाला मुंग्या आल्या आहेत.

आपला सासरा,
नानाजी

ता. क. आता बरणी पाठवत नाही. गाठ, कुत्रा आणि मी तिघेही गुरुवारच्या बसने येतो. तुमच्या दवाखान्यात कुत्र्यांच्या कर्करोगावर नवी औषधं करून पाहतात म्हणे. जमादारावर करून पाहा. तो चावत नाही (ओळखीच्यांना).

आणखी ता. क. लग्नात मी गावभर सांगितलं होतं की जावई माणसांचा डाक्टर आहे. काल गुरुवारची जागा सांगायला गेलो तर लच्छू बसमध्ये कुत्रा घेईना, तेव्हा भर स्टँडवर खरं सांगून टाकलं, की जावई ढोरांचा डाक्टर आहे आणि त्याच्याकडेच चाललोय. सगळे पोट धरून हसले. आता शेजारची बुधरीबाई गाठ आलेली मांजर घेऊन सोबत येते आहे, मागे तीन शेळ्याही आहेत. माझी अब्रू गेली ती जाऊ द्या, जमादार तेवढा वाचवा.