वस्तऱ्याची धार आणि शकुनची सोयरीक

मु. धामणखेड, तालुका मोर्शी
चैत्र वद्य षष्ठी

श्रीयुत साडभाऊ जानराव यांना सूर्यभानचा रामराम.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तुमचे कार्ड होळीनंतर लगेच पोचले. मी ते आधी देव्हाऱ्यात ठेवले, तिथून काढून टोपीत ठेवले, मग टोपी धुवायला गेली म्हणून उशीखाली ठेवले, पण उत्तर काही हातून होईना. उजव्या हाताचा अंगठा कापला होता हे एक कारण. (आता बरा आहे. हळद दाबली होती.) पण खरे सांगायचे तर अंगठा केव्हाच भरून आला, काय लिहावे तेच सुचत नव्हते. तुमचा गुडघा कसा आहे? सौ. लीलाबाईंचा खोकला गेला काय? अडुळशाचा काढा द्या, पण गूळ जुना टाका. इकडे सगळे खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसे नाही.

तुम्ही कार्डात लिहिले की मुलाची आत्या माणिकबाई माझ्या हातांबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात आणि तोवर शकुनच्या साक्षगंधाचे कोणी बोलत नाही. ही ओळ वाचली तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. नात माझी, सोयरीक तुम्ही आणलेली, मुलगा मास्तर, घर चांगले, आणि आडवे काय आले तर माझे हात. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो. लांबेल, पण तुम्ही जेवण झाल्यावर वाचा.

तुम्हाला आठवत असेल, शकुनच्या मोठ्या बहिणीची पहिली सोयरीक कोणीतरी भांजी मारून मोडली होती. कोणी मारली ते आजवर कळले नाही. माझा संशय आमच्या झिंगुजी न्हाव्यावर. म्हणजे त्याच्यावर नाही, त्याच्या पाटावर. कडुलिंबाखाली त्याच्या पाटावर सगळे गाव बसते, आणि गालाला साबण लागला की माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. मीही त्यातलाच. म्हणून यंदा दिवाळीत तुम्ही बारशीटाकळीच्या मुलाचे नाव काढले तेव्हाच मी मनाशी ठरवले की साक्षगंध होईपर्यंत झिंगुजीसमोर मान द्यायची नाही. तोंड उघडण्याचा प्रश्नच नको. दाढी आपली आपण करायची.

कौंडण्यपूरच्या जत्रेत एका जुन्या सामानवाल्याकडे हाडाच्या मुठीचा वस्तरा मिळाला. तो म्हणाला, साहेबाचा आहे. साहेब मेला असेल तो दाढी करतानाच, असे मला पहिल्या दिवशी वाटले. धार म्हणून नव्हतीच. केस कापले जात नव्हते, उपटले जात होते, आणि डोळ्यातून पाणी येत होते ते निराळेच. विळ्याला लावतो तशी धार लावावी म्हणून दगड शोधला. परसातला दगड खरबरीत, म्हणून देव्हाऱ्यातली चंदनाची सहाण घेतली. शकुनच्या आजीने ते पाहिले. पुढचे लिहीत नाही, तुमच्या घरीही त्याच घरची मुलगी आहे. मग पाटा घेतला. त्या दिवशीची चटणी लोखंडासारखी लागली आणि पंजाब (माझा मुलगा, तो सहसा जेवताना बोलत नाही) ताट सारून उठून गेला.

दगडानंतर वस्तरा चामड्यावर फिरवावा लागतो हे मला ठाऊक होते, झिंगुजी फिरवताना पाहिले होते. पण चामडे कुठून आणायचे? पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो तो घुंगरांचा पट्टा खुंटीला होता. तो दाराच्या कडीला अडकवला. एकेका हाताला घुंगरे वाजायची आणि गोठ्यातला बैल उभा राहायचा, त्याला वाटायचे आज सण आहे. चार दिवस तो चारा सोडून दाराकडे बघत राहिला. पाचव्या दिवशी मी वस्तरा चामड्यावर धारेकडून ओढला आणि पट्टा मधोमध तुटून घुंगरे अंगणभर झाली. अंगठा तेव्हाच गेला.

शेवटी पुंजाजीकडे गेलो. लहानपणी आम्ही दोघे बरोबर ढोरे राखायचो. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली धर्म बदलला, मुलगा धर्मपाल अमरावतीला कचेरीत आहे, आणि पुंजाजी अजून स्वतःची दाढी स्वतः करतो, गाल कसा, केळीच्या पानासारखा. मी विचारले, बाबा, हे तुला कोणी शिकवले? तो वस्तरा बोटावर तोलत म्हणाला, “तुमचा न्हावी आमच्या दाढीले कधी शिवला नाई, सूर्यभान. मंग कोन शिकवनार? आमचं आमीच शिकलो.” जाईबाईने (म्हणजे पुंजाजीच्या बायकोने) चहा दिला, तो प्यालो. चहा चांगला होता. असे इतक्या वर्षांत त्या घरी बसलो नव्हतो, हे उठताना ध्यानात आले आणि उगाच चप्पल शोधत उभा राहिलो, चप्पल पायातच होती.

पुंजाजीने दाखवले ते असे. दगडावर वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून धारेकडून ढकलायचा, चामड्यावर पाठीकडून ओढायचा. उलटवायचा तो पाठीवर. आणि दाबायचे नाही. मी आयुष्यात कोणतीही गोष्ट न दाबता केलेली नाही, त्यामुळे पौष महिना सगळा त्यातच गेला. पण धार आली, जानराव. मनगटावरच्या केसाला नुसती लावली तर केस गळून पडला. मला इतका आनंद तुमच्या मेहुणीशी लग्न ठरले तेव्हाही झाला नव्हता. (हे पत्र लीलाबाईंना वाचून दाखवू नका.)

आता चूक इथे झाली. धार आली हे कळल्यावर माणसाने दाढी करावी आणि वस्तरा मिटून ठेवावा. मला वाटायचे, काल होती, आज असेल काय? हवेने उतरली तर? म्हणून सकाळी हातावरचे थोडे केस काढून बघायचे. दुपारी वाटायचे, सकाळी बघितल्यामुळेच उतरली असेल, म्हणून पुन्हा बघायचे. डावा हात संपत आला तेव्हा वस्तरा डाव्या हाताने धरून उजवा सुरू केला. दोन्ही हातांचे असे शेत झाले की नांगराचे एक तास पीक, एक तास पडीक. त्यात ओरखडे, त्यावर हळद. पुंजाजीने पाहून एवढेच म्हटले की दाढी तोंडाला असते.

तेवढ्यात तुमचे पाहुणे आले. मी फाल्गुनाच्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून बसलो होतो. सगळे छान चालले होते. मुलाने शकुनला विचारले की सातवीनंतर पुढे शिकायचे आहे काय, तेव्हा ती हो म्हणून हसली. ती परक्या माणसांसमोर हसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि हात धुवायच्या वेळी पंजाबने तांब्या कलता केला आणि मी सवयीने बाह्या वर सारल्या.

माणिकबाईंनी बघितले. मग अगदी हळू आवाजात विचारले, “आबाजी, हे कधीपासून हाय?”

वस्तरा म्हणावे, तर त्या विचारणार न्हावी का नाही. न्हाव्यापासून सोयरीक लपवली म्हणावे, तर विचारणार की लपवण्यासारखे घरात काय आहे. हे सगळे डोक्यात एकदम आले आणि तोंडातून निघाले, लहानपणापासूनच. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण त्यांना धीर द्यावा म्हणून मी पुढे म्हणालो, आमच्या बाबांनाही होते.

जानराव, ज्या भांजीला भिऊन हे सगळे केले ती मी माझ्या तोंडाने मारली, आणि तीही पाहुण्यांसमोर हात धुता धुता.

तुमचे कार्ड आल्यावर मी झिंगुजीच्या पाटावर जाऊन बसलो. आता राखायचे काय उरले होते? त्याने साबण लावला. अर्धा गाल झाल्यावर म्हणाला, “तुमच्या नातीची गोष्ट मले दिवाळीपासून ठाव हाय. तिचा मामा याच पाटावर बसून सांगून गेला. म्या कोनाले बोललो काय?” मी मान हलवणार होतो, पण वस्तरा गळ्याशी होता.

शकुन चहाचा पेला समोर ठेवते आणि निघून जाते. पूर्वी पेला घेऊन जाताना दोन शब्द बोलायची. आता पेला घ्यायला आजी येते.

तेव्हा तुम्ही माणिकबाईंना एवढे सांगा की हा कातडीचा रोग नाही, आमच्या घराण्यात कोणालाही नव्हता, आणि माझे बाबा तर नखशिखांत केसाळ होते. उत्तर लवकर टाका. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा
सूर्यभान

ता. क. नुसत्या सांगण्यावर माणिकबाई विश्वास ठेवतील असे वाटत नाही. पंजाब सरकी विकायला अकोल्याला येतो आहे, तो हे पत्र आणि तो वस्तरा घेऊन तुमच्याकडे येईल. देवाने तुम्हाला हातावर अस्वलासारखे केस दिले आहेत. माणिकबाईंना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर तुमच्या डाव्या हातावर दोनचार जागी वस्तरा फिरवा. माझ्यासारखे दिसेल, त्यांची खात्री पटेल. साडभाऊ म्हणून एवढे करा. आधी पट्ट्यावर फिरवून घ्या, पाठीकडून. दाबू नका.

ता. क. दुसरे. पत्र पाकिटात घालायला शकुनला दिले, तिने सगळे वाचले. वस्तरा पिशवीतून काढून घेतला आणि म्हणाली, “आबा, खोटं तुमी बोलले, मंग हात त्यायचा कावून भादरता?” खरे काय ते लिहा म्हणते. खरे ऐकून ते नाही म्हणाले तर म्हणू द्या, पण खोट्यावर होकार नको. होळीपासून एवढे बोलणे ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणून वरची ता. क. रद्द समजा. माणिकबाईंना सांगा, म्हातारा खोटे बोलला. त्याला रोग नाही, तो भितो. पाहिजे तर मी स्वतः बारशीटाकळीला येऊन सांगतो, बाह्या वर करून. त्यांचे हो असो की नाही, निरोप लगेच पाठवा. मधे लोंबकळत ठेवू नका, पोरगी पोस्टमनची सायकल वाजली की दारात जाते.

ता. क. तिसरे. शकुनला माहीत नाही, पण वस्तरा मी पंजाबच्या पिशवीत तळाशी पुन्हा ठेवला आहे. वापरायला सांगत नाही. जवळ असू द्या. धार आहे, आत्ताच बघितली. निरोप लवकर पाठवा.