खणातला माइक

प्रिय धाकटेबुवा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करत राहतोस आणि तुझे डोळे भलत्याच स्क्रीनवर असतात, हे मला इतक्या लांबूनही कळतं. कागद निदान हातात धरावा लागतो. तेवढे कष्ट घे. तुमच्या धंद्यात कष्ट घ्यायची पद्धत उरलेली नाही याची मला नुकतीच खात्री पटली आहे, पण ते ओघाने येईलच.

आधी आमच्या ऑफिसची खबर. इंजिनियरसाहेब अजूनही इमारतींच्या भेगा मोजत फिरतात आणि मी त्यांच्या किरट्या अक्षरातले अहवाल टाइप करते. ओल, तडा, गंज, वाकलेली तुळई. एकोणीस वर्षं मी हेच लिहिते आहे. नवीन म्हणजे साहेबांचे जावई आता ऑफिसात बसतात. बसतात हाच शब्द बरोबर आहे, दुसरं काही करताना मी त्यांना पाहिलेलं नाही. चार महिन्यांपूर्वी ते कुठल्याशा प्रदर्शनातून एक सॉफ्टवेअर घेऊन आले. आपण बोलायचं आणि कॉम्प्युटरने टाइप करायचं. सोबत एक माइक, त्याला काळी स्पंजची टोपी. माझ्याच कॉम्प्युटरवर ते चढवलं, कारण ऑफिसातले सगळे जुने अहवाल त्याच्यावर आहेत. मग जावईबापू माझ्या खुर्चीत बसून घसा खाकरत तीन दिवस बोलले. आलेला मजकूर मी नंतर मुकाट्याने पुन्हा टाइप केला. यंत्राला नावं ठेवत नाही मी. भेगेवर चार वाक्यं बोलायची तर आधी जाऊन भेग बघावी लागते, आणि ते बाहेर उन्हात जायला तयार नव्हते. चौथ्या दिवशी माइक माझ्या खणात स्टेपलरशेजारी जाऊन पडला आणि जावईबापूंना ऑफिसात काचेची पार्टिशनं करायचं सुचलं.

त्याच आठवड्यापासून माझा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. सकाळी चालू करून मी पाणी भरून आणायचे, टेबल पुसायचे, तरी साहेब तयार झालेले नसायचे. कॉम्प्युटरला म्हणते आहे, साहेबांना नाही. ओळ टाइप करून हात थांबवला की अक्षरं मागाहून एकेक करून उमटायची. फाइल उघडायला सांगितली की पडदा पांढराफटक. दिवसाला सहा अहवाल व्हायचे तिथे तीन व्हायला लागले. एकदा तर एका इमारतीचे रहिवासी अहवालासाठी बाकावर ताटकळत बसले होते, आणि साहेब दर पाच मिनिटांनी माझ्या पाठीशी येऊन उभे राहत होते. नुसते उभे.

मग तुमची स्वारी आली. आमच्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं तुझं कंत्राट, दर तीन महिन्यांची फेरी. साहेबांनी तुला मुद्दाम विचारलं की टाइपिंगला हल्ली इतका वेळ का लागतो. तू बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत चहा घेत बसला होतास, मांडीवर तुझा लॅपटॉप. माझ्या टेबलापर्यंत बारा पावलं आहेत, मी नंतर चालून मोजली. तू उठलाही नाहीस. मी कपाटामागे फाइल शोधत होते हे तुला माहीत नव्हतं.

“मशीन उत्तम आहे साहेब,” तू म्हणालास. “ताईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

ताईंचा! घरी मी नुसती ताई. नालायक ठरवायची वेळ आली तेव्हा तुला मानाने बोलायचं सुचलं. मग तू फॉर्मवर सही घेतलीस, मला खुणेनेच ‘येतो’ म्हणालास आणि पाट्या टाकून निघून गेलास.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग फार गोड शब्दांत सांगितलं की येत्या एक तारखेपासून मी आवक-जावक बघावं, पाकिटांवर शिक्के मारावेत, टाइपिंगला नवीन मुलगी येईल. वयाचा उल्लेखही केला नाही. त्यांना वाटत होतं ते माझ्यावर उपकार करताहेत. आणि मी, जिच्या टाइपिंगच्या वेगाचं प्रमाणपत्र अजून आपल्या आईच्या कपाटात आहे, मी मान डोलावून बाहेर आले. कारण मला ते पटलं होतं. हे तुला नीट कळावं म्हणून पुन्हा लिहिते. मला पटलं होतं. परका माणूस म्हणाला असता तर मी उडवून लावलं असतं, पण तू म्हणालास.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटांत सुया टोचून नसांची तपासणी केली आणि सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं. मी त्या बिचाऱ्या डॉक्टरांवरच अविश्वास दाखवला. घरी जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवून बघायचे, करंगळी खरंच मागे पडते का. आमचे हे समोर बसून वर्तमानपत्र वाचल्याचं नाटक करायचे. एकदा मी भाजी चिरायची सुरीही त्यांच्या हातात दिली, म्हटलं माझ्या हाताचा आता भरवसा नाही. त्यांनी भाजी चिरली, वेडीवाकडी. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

तुला आठवतं का, घरातल्या जुन्या टाइपरायटरवर तुला मीच शिकवलं. चुकलास की तू ओरडायचास, ताई, हे बटणच अडकतंय. तू लहानपणापासून खापर फोडण्यात पटाईत. पण मी दर वेळी उठून यायचे, ते बटण दाबून बघायचे, अडकत असेल तर थेंबभर तेल घालायचे, आणि मगच तुझे कान धरायचे. आधी यंत्र, मग माणूस. एवढा साधा क्रम आहे. तुझ्याकडे कोर्सची पाच प्रमाणपत्रं आहेत, त्यातल्या एकावरही हे छापलेलं नसावं.

आता ऐक, तुझ्याच विषयातलं आहे. एक तारखेला पाच दिवस उरले होते. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून हात मांडीवर घेऊन बसले होते, आणि सहज लक्ष गेलं तर कॉम्प्युटरवरचा, काम चालू असल्याचा लाल दिवा अखंड लुकलुकत होता, आतून घरघर चालू होती. मी म्हटलं, बाई, तुझे हात तर मांडीवर आहेत, मग हे काम कोण करतंय? मी डबा बाजूला ठेवला आणि काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. तुम्ही लोक ती इतक्या रुबाबात उघडता, की मला वाटायचं त्याला परवाना लागतो. तीन बटणं लागतात. जास्त मेमरी खाणारं वर येईल अशी यादी लावली. अगदी वर आपल्या जावईबापूंचं सॉफ्टवेअर, एकदा नाही, तीन वेगवेगळ्या नावांनी. कॉम्प्युटर सुरू झाला की कुणाला न विचारता तेही सुरू व्हायचं. एक जण कुणी बोलतंय का म्हणून कान देऊन बसलेला, माइक खणात असताना. दुसरा कंपनीकडे निरोप पाठवणारा. आणि तिसरा, तो खरा खादाड, नवे शब्द शिकण्यासाठी माझे जुने अहवाल वाचत होता. एकोणीस वर्षांचे. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या जागी बसायचं म्हणून तो माझंच लिखाण गिळत होता, आणि त्या ओझ्याने मी हळू ठरत होते.

तिन्हींचं आपोआप सुरू होणं बंद केलं. मग सॉफ्टवेअरच काढून टाकलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि पाणी आणायला उठणार तोवर पडदा तयार. त्या दुपारी मी चार अहवाल टाइप केले आणि मधूनमधून बोटांकडे बघत राहिले. सगळ्या शोधाला माझी जेवणाची सुट्टी पुरली. तुला चहा गार व्हायच्या आत जमलं असतं.

यादीचा कागद छापून मी साहेबांसमोर ठेवला. जावईबापूही तिथेच होते, त्यांनी लगेच पार्टिशनच्या मापांकडे मोर्चा वळवला. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, माझी माफी मागितली. आवक-जावक रद्द झाली, माझं टेबल मला परत मिळालं. आणि मग त्यांनी विचारलं, “पण तुमचे बंधू तसं का म्हणाले?” नवीन वर्षाच्या कंत्राटाचा कागद त्यांच्यासमोरच होता, सही व्हायची होती.

मी सांगितलं की साहेबांनी विचारायच्या आधीच तू मशीन बघायला माझ्या टेबलाशी आला होतास, मीच कामाची गर्दी आहे म्हणून तुला हात लावू दिला नाही. साहेबांनी तुझ्या कागदावर सही केली. गहिवरू नकोस, मी हे मायेपोटी केलं नाही. माझा सख्खा भाऊ खुर्चीतून न उठता बहिणीला निकामी ठरवतो, हे त्या जावयासमोर कबूल करायची मला लाज वाटली. तुझीही लाज वाटली, आणि तुला मी वाढवलं म्हणून माझीही. साहेब नियमाचे पक्के. देखभालीच्या कामात अडथळा आणल्याबद्दल त्यांनी मला लेखी ताकीद दिली, एकोणीस वर्षांतली पहिली. ऑफिसची पत्रं मीच टाइप करते, म्हणून तीही मीच टाइप केली, एका दमात, एकही चूक न करता. तिची प्रत या पाकिटात आहे. वरचं नाव खोड, तिथे तुझं नाव लिही, आणि मग शेवटपर्यंत वाच.

तुझीच,
ताई