मातकट फ्रॉक

नांदेड
दि. ३० जून २०२४

आयु. पंचशीला हीस,
ज्योत्स्नाचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझी लेक सुखरूप पोचली आणि इथल्या शाळेत रुळलीही. माझा प्रेम पुण्याला होस्टेलात गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, ती आता धम्मप्रियाची. जेवते नीट. माझ्या हातची वरणफळं तुझ्यापेक्षा चांगली होतात असं म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

पत्र अशासाठी की, फोनवर तू रडायला लागतेस आणि मला फोन ठेवावा लागतो. घरच्या ग्रुपवर लिहावं तर तुझ्या संघपालपासून जळकोटच्या काकांपर्यंत सगळं खानदान मधे पडतं. त्याला कंटाळूनच मी ग्रुप सोडला. पत्रातलं भांडण दोघींतच राहतं.

तर, तिची बॅग उघडली. पंचशीला, हे कपडे आहेत की बँडवाल्यांचा पोशाख? एक जाळीचा फ्रॉक, त्यावर चमकी, पाठीला हातभर बो. दुसऱ्यावर कुठल्याशा परदेशी राणीचं तोंड, त्या राणीचा डोळा पहिल्याच धुण्यात गेला. एका टी-शर्टवर ‘प्रिन्सेस’ लिहिलंय आणि त्याचं स्पेलिंग चुकलंय. माझ्या भाचीनं छातीवर चूक मिरवत नांदेडात हिंडायचं का? जाळीनं तिच्या मानेवर पुरळ उठलं. शिवाय सगळं दोन मापं मोठं, वाढत्या अंगाचं म्हणून. अंग वाढेपर्यंत ते कापड टिकणार नाही, एवढं तुझ्या ध्यानात यायला हवं होतं.

स्वस्त घ्यायला माझी ना नाही. पण स्वस्तातलंही सुती, साधं, सरळ शिवणीचं मिळतं. त्याला पारख लागते. ही पोर आता धड लहान नाही, धड मोठी नाही. दुकानात लहानांच्या मजल्यावरचं काखेत कापतं, बायकांच्या मजल्यावरचं खांद्यावरून घसरतं. या वयाचे कपडे घेणं हे डोकं लावून करायचं काम आहे, म्हणून यापुढं ते माझ्याकडं. सेलमध्ये लिननचा एक मातकट फ्रॉक घेतला आहे. फोटो संघपालच्या फोनवर धाडला आहे. बघ आणि शीक.

मायला गोळ्या वेळेवर दे. हे वाचून राग येईलच. येऊ दे, पण लोभ तेवढा जाऊ देऊ नको.

तुझी नणंद,
ज्योत्स्ना

---

चाकूर
दि. ८ जुलै २०२४

ती. आयु. ज्योत्स्नाताईंना,
पंचशीलाचा जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमन दारात म्हणाला, कोर्टाचं काही हाय का. अक्षर बघून वाटलं असल त्याला. अंगणवाडीतून आल्यावर मायला वाचून दाखवलं. गोळ्यांचं तेवढं ऐकून त्या झोपल्या.

बँडवाल्यांचा पोशाख म्हणालात. ताई, तो फ्रॉक मी आणि प्रियानं लातूरला गंजगोलाईत दुकानं पालथी घालून घेतला. भाव करता करता दुकानदार बेजार झाला. ती आरशापुढं गोल फिरली तवा दुकानातल्या बाया हातातलं टाकून तिच्याकडं बघत राहिल्या. तुमच्या पारखेत हे बसत न्हाई, मला ठाऊक हाय.

फोटो बघितला. वरून खालपर्यंत मातकट. आधी वाटलं लेकराला कावीळ झाली का काय. संघपालनी फोन उजेडात धरून बघितला आणि विचारलं, हे धुवायच्या आधीचं हाय का नंतरचं. लिनन म्हणे चुरगळलेलंच घालायचं असतं. माझ्या अंगणवाडीत चुरगळलेल्या कपड्यातलं लेकरू आलं तर मी त्याच्या आईला बोलावून घेते. तुम्ही रेल्वेच्या हापिसात साहेबीण झाल्यापासून तुम्हाला रंगाचीच लाज वाटून राहिली. आपल्या घरात रंग सोडून बसायला कोण मेलंय?

पुरळाचं मात्र वाईट वाटलं. आतून सुती अस्तर लावून धाडायला पाहिजे होतं, तेवढी चूक माझी.

वर्गातल्या आरतीनं तिला पुढच्या महिन्यात वाढदिवसाला बोलावलंय म्हणे, बंगल्यात राहणारी. तिथं जाळीचाच फ्रॉक घाला. चार लोकांत माझं लेकरू उठून दिसू द्या.

वरणफळं तुम्हाला मायनंच शिकवली आणि मला बी. आणखी काय लिहू. जीव लावता तेवढा लावत राहा, शिकवायचं जरा कमी करा.

तुमची भावजय,
पंचशीला

---

नांदेड
दि. १९ ऑगस्ट २०२४

आयु. पंचशीला हीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

काल आरतीचा वाढदिवस झाला. धम्मप्रिया लिननचाच फ्रॉक घालून गेली. मीच घालायला लावला. बाकीच्या पोरी झगमगत होत्या आणि त्यांच्यात आपलीच काय ती शहाण्या घरची दिसते, असं मनाशी म्हणत मी तिला सोडून आले.

संध्याकाळी आणायला गेले. आरतीची आई, रेणुकाताई, दारातच भेटली. पोर फार गुणाची आहे, जेवताना काही सांडलं नाही, असं कौतुक केलं. आपण सांडणारी पोरं वाढवतो हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मग आतून एक फुगलेली पिशवी आणून माझ्या हातात दिली. आरतीचे जुने कपडे. धुतलेले, इस्त्री केलेले. म्हणाली,

“फ्रॉक अगदी विटलाय हो पोरीचा. गावाकडून आलीय ना? संकोच करू नका, आमच्या कामवालीला देणारच होते.”

मी काय केलं सांगू? मी थँक यू म्हणाले. ऑफिसात भल्याभल्यांना उभं-आडवं घेणारी मी, थँक यू म्हणाले, पिशवी घेतली आणि ऑटोत बसले. ऑटो सुरू झाला तेव्हा माझे कान पेटले. त्या बाईच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. हॉलभर कागदी फुलं, त्यांवर धूळ. दाराच्या कडीला सुद्धा झालर. ती बाई मला विटका रंग कशाला म्हणतात ते सांगते.

पण खरी गोष्ट पुढं आहे. घरी आल्यावर पिशवी मी मोरीपाशी टाकली. धम्मप्रियानं ती उघडली. आत निळं जीन्सचं जॅकेट होतं. ते घालून ती आरशापुढं उभी राहिली. पंचशीला, तुझं तिला मोठं होतं, माझं तिनं माझ्या भीतीनं घातलं होतं, आणि हे अंगावर असं बसलं की जणू तिच्यासाठीच बेतलंय. आत्या, हे ठेवू का, असं विचारलं. मी ओरडले. आपल्या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं कुणी घालत नाही, म्हणाले. ती म्हणते, का नाही? फाटलेलं नाही, मळलेलं नाही, मग का? माय तसं करू देत नव्हती एवढंच मला ठाऊक. का, ते मी कधी विचारलं नाही. पोर जेवली नाही. जॅकेट घडी करून उशाशी ठेवलंय, घालत नाही आणि देतही नाही.

तू आई आहेस. मी काय करू ते कळव. हसायचं असेल तर आधी हसून घे.

ज्योत्स्ना

---

चाकूर
दि. २६ ऑगस्ट २०२४

ती. आयु. ज्योत्स्नाताईंना,
पंचशीलाचा जय भीम, वि. वि.

हसले. खोटं कशाला सांगू, डोळ्याला पदर लावून हसले. सेलमधलं लिनन, तुमची पारख, आणि त्या बाईनं बघून सांगितलं विटलंय म्हणून. आणि तुम्ही थँक यू म्हणालात. माझ्यासाठी एवढं इंग्रजी वापरता, तिथं त्यातलं दुसरं काही आठवलं न्हाई का?

मग हसू थांबलं. जाळीचा घातला असता तरी पिशवी मिळालीच असती, हे ध्यानात आलं. तवा ती म्हणाली असती, फार भडक हाय हो, हे घ्या जरा बरं. तिला फ्रॉक दिसलाच न्हाई, ताई. गावाकडची पोर दिसली. तिच्या डोळ्याला आपण दोघी बहिणी-बहिणी. आणि कामवालीला देणार होते म्हणे! त्या कामवालीनं तरी ते का घ्यावं?

मायला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी आधी विचारलं, कापड चांगलं हाय का. मी म्हणलं, हाव, चांगलं हाय म्हणतात. मग विचारलं, ती पोर हिला रोज भेटती का. एका बाकावर बसतात, मी म्हणलं. मग जे सांगितलं ते मी या घरात आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. आता वाटतं, तुम्ही बी ऐकलं नसल.

माय प्रियाएवढ्या असताना त्यांच्या आईला गावातल्या मोठ्या घरातून एक लाल परकर मिळाला, काठाचा. माय तो घालून खुशीत जत्रेत गेल्या. तिथं त्या घरची पोरगी भेटली. तिनं परकराचा काठ हातात धरून मैत्रिणींना दाखवला, इथं बघा, माझ्या हातून दिव्याचा चटका लागला होता. रागानं न्हाई, सहज. वाईट बी नव्हती ती पोरगी, माय म्हणल्या. मग म्हणल्या,

“कापड मऊ होतं. पन तवापासून ती भेटली की माझ्याकडं न्हाई, काठाकडं बघायची.”

तुम्हा भावंडांना वर्षाला एकच जोड मिळायचा आणि तो नवाच असायचा, तो यापायी.

हे प्रियाला जसंच्या तसं सांगा. तुमच्या पद्धतीनं भाषण करू नका. जॅकेट ठेवायचं का न्हाई ते तिला ठरवू द्या. मी बी ठरवत न्हाई. ठेवलं तर मी काही म्हणणार न्हाई, आणि तुम्ही बी म्हणायचं न्हाई.

तुम्ही ओरडलात ते बरं केलंत. मी असते तर ओरडलेच असते आणि वर एक दिली बी असती. आपल्यातलं प्रेम असं भांडूनच राहू द्या, दुसऱ्या पद्धतीनं आपल्याला जमायचं न्हाई.

पंचशीला

---

नांदेड
दि. १५ सप्टेंबर २०२४

ती. मम्मीस,
धम्मप्रियाचा सा. न. आणि जय भीम, वि. वि.

आत्यानं मला आजीचं सांगितलं. सांगताना ती भांडी घासत होती, माझ्याकडं बघत नव्हती. जॅकेट आणखी एकदा घालून बघितलं, मग मीच घडी घालून पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. आत्या म्हणाली, तुला ठेवायचं असेल तर ठेव. तिला हे म्हणताना फार त्रास होत होता.

पिशवी परत द्यायला आम्ही दोघी आरतीकडं गेलो. आत्या ऑफिसची चांगली साडी नेसली होती आणि ऑटोत बसून ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत होती. रेणुकाकाकूंनी दार उघडलं आणि आत्या ‘अहो’ म्हणाली आणि थांबली. काकू म्हणाल्या, काय झालं, माप बसलं नाही का? मग मी बोलले.

“माप बसलं, काकू. पण आरती रोज माझ्याशेजारी बसते.”

काकूंना ते कळलं नाही असं आधी वाटलं. मग कळलं, कारण त्यांचं तोंड बारीक झालं. म्हणाल्या, आम्ही प्रेमानं दिलं होतं, हल्ली लोकांना मदत सुद्धा सोसत नाही. पिशवी दोन बोटांनी घेतली, जशी काही आम्ही ती घाण करून आणली. आरती मागं उभी होती. ती पिशवीकडं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली. मला वाईट वाटलं. जॅकेटचं पण वाटलं, ते खोटं नाही सांगत.

आता कपड्यांचं. तुम्ही दोघी एकदम बोलता म्हणून मला कधी सांगता आलं नाही. तुझा जाळीचा फ्रॉक टोचतो. गंजगोलाईत मी गोल फिरले ते तू खूश होतीस म्हणून. आत्याच्या फ्रॉकमध्ये मी पोत्यात बसल्यासारखी दिसते. राणीच्या तोंडाचे कपडे पहिलीतल्या मुली घालतात. ‘प्रिन्सेस’चं स्पेलिंग आमच्या वर्गात सगळ्यांना येतं.

मागच्या रविवारी आत्या मला बाजारात घेऊन गेली आणि तूच निवड म्हणाली. मुलींच्या रॅकला सगळं गुलाबी होतं आणि खिसे नुसते वरून शिवलेले. मुलांच्या रॅकला एक बाटलीहिरवा शर्ट मिळाला आणि खिशांची ढगळ पँट. खिशात हात पुरा जातो. स्वस्त पण होतं. दुकानदार म्हणाला, ताई, हे मुलांचं आहे. आत्यानं त्याला असं झापलं की त्यानं टाचणी लावून पँटची उंची फुकट कमी करून दिली. कापडाला काही माहीत असतं का कोण घालणार ते, असं म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, तू कंडक्टरसारखी दिसतेस, आणि तुझ्या आईला फोटो पाठवू नको, ती मलाच बोलेल. मी पाठवला आहे. तू पप्पांच्या फोनवर बघ आणि बोलायचं ते मला बोल. आजीला पण दाखव.

शुक्रवारी शाळेत रंगीत कपड्यांचा दिवस होता, तेव्हा मी तेच घातलं. मधल्या सुट्टीत आरती माझ्या बाकापाशी आली. म्हणाली, आईला कपडे द्यायला मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे. मग तिनं शर्ट कुठून घेतला ते विचारलं. मी तिला दुकान सांगितलं, आणि हिरवा सोडून दुसरा कुठला तरी रंग घे म्हणाले.

ती आता परत माझ्या बाकावर बसते. आजीला साष्टांग. पप्पांना जय भीम. माझ्यावर लोभ आहेच, तुम्ही दोघींनी थोडा एकमेकींवर पण करा.

तुझी,
धम्मप्रिया