पट्टी पुन्हा वर आली

प्राची,

सकाळी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि खाली गेलेली ती आयकॉनची पट्टी पुन्हा वर, माझ्या सवयीच्या जागी लावता आली. अपडेटसोबतच्या माहितीत कंपनीने कबूल केलंय, की पट्टी वर न्यायची सोय त्यांनीच काढली होती आणि लोकांनी ओरड केली म्हणून परत दिली. मी मात्र तीन महिने हर्षितला ऐकवत होतो, "तुझ्या बायकोने बिघडवला." तू एकदाच म्हणालीस, "मी नाही हो, बाबा."

नौपाड्यात जातोय, येताना तुझ्यासाठी खरवस आणतो. ऑफिसचं काम आजपासून या कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवरच करत जा.

"प्राचीने हात लावू नये" हा कॉम्प्युटरवर चिकटवलेला कागद शोधू नकोस. त्याच्याच पाठीवर हे लिहिलंय.

बाबा