कोपरा फाटलेला कुत्रा

३ मार्च

ती कार्डवाली माझ्या डोक्यात जाते! म्हणे वाचा-उपचार, बोलणं सुधारायला. मेंदूच्या तापातून नवरा उठला तेव्हापासून दर आठवड्याला चित्रांची कार्डं घेऊन बसते. पक्कड, सुई, स्क्रू — त्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या कामातलं सगळं तो फाडफाड सांगतो. कुत्रा दाखवला की गप्प. कोबी — गप्प.

ती म्हणते, "हाताने वापरलेल्या वस्तूंचा अर्थ मेंदूत बहुतेक एकीकडे असतो, सजीवांचा दुसरीकडे. तापाने दुसरीकडचं नेलंय."

नेलंय म्हणे! वाळत घातलेले कपडे आहेत का?

मी सुनावलं, मला बघून रोज "बायको" म्हणतो की! तर म्हणते, "शब्द आहे. अर्थ आहे का, बघावं लागेल."

तिच्या घरी विचारतं का कुणी असं? त्या एका शब्दावर मी दिवस काढतेय.

७ मार्च

लिहावंसं वाटत नाही. नुसता संताप.

१२ मार्च

आज कुत्रा, बदक, कोबी — सगळं बरोबर! मी कार्डवालीकडे अशा तोऱ्यात बघितलं! तिने मुकाट्याने दुसरा कुत्रा काढला. काळा, झोपलेला. हा गप्प. मग माझ्याकडे बघून कसनुसं हसला.

घरी आल्यावर उलगडा झाला. सासूबाईंनी मागच्या वेळी सोबत आल्या तेव्हा तिच्या कार्डांचे मोबाइलवर फोटो काढलेत. मी कामावर गेले की त्याच्याकडून खुणांवरून घोकून घेतात. कोपरा फाटलेला तो कुत्रा. चहाचा डाग तो कोबी.

तोंडाला येईल ते बोलले. "कुणाला फसवताय? तिला की स्वतःला?" त्या भांडी विसळत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्याला आलं की तुझा चेहरा जरा बरा दिसतो गं."

म्हणजे उपकार माझ्यावरच!

१३ मार्च

फोटो पुसून टाकले. सासूबाईंशी बोलणं बंद.

१५ मार्च

संध्याकाळी घरी आले. तो नेहमीसारखा म्हणाला, "बायको."

शेजारी बसले. विचारलं, बायको म्हणजे काय रे?

त्याने जरा विचार केला. मग अगदी अदबीने म्हणाला, "तुम्ही दारातून आत आलात की असं म्हणायचं. स्वयंपाकघरात त्या आजी असतात ना, त्यांनी शिकवलंय."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. मी उठून त्यांना खुर्ची दिली.